आरओचा दाब ११ वरून १६ वर, पाणी मात्र कमीच. मेंब्रेन बदलू, यूएफ बसवू की आणखी काही?

मोसंबीवाला

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग रंगवणाऱ्या एका कारखान्यात मी ईटीपी (सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्लांट) बघतो. आठ वर्षं झाली. शिक्षण बी.एस्सी., पण आरओचं जे काही येतं ते पाने-पकडी हातात धरून आलेलं. एखादा शब्द चुकला तर सांभाळून घ्या.

आमच्याकडं फॉस्फेटिंग लाईनचं (रंगाआधी भागांवर फॉस्फेटचा थर देतात तिथलं) धुण्याचं पाणी, पेंट बूथचं पाणी आणि कँटीन-संडासाचं एसटीपीतून (मैलापाणी साफ करणाऱ्या प्लांटमधून) आलेलं पाणी असं सगळं एकत्र होतं. आधी तेल काढतो, मग चुना, पीएसी आणि पॉलिमर (कण एकत्र आणणारी रसायनं), ट्यूब सेटलर (गाळ खाली बसवणारी टाकी), वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर, ५ मायक्रॉनचे कार्ट्रिज आणि आरओ (दाबानं पाणी पडद्यातून ढकलून क्षार मागं ठेवणारं यंत्र). आरओला आठ इंची १२ मेंब्रेन, म्हणजे ते पडदे. पहिल्या स्टेजला दोन व्हेसल (मेंब्रेन बसवायची नळकांडी), दुसरीला एक, प्रत्येकात चार-चार. ताशी १० घनमीटर पाणी (फीड) आत, ७ परमिएट (गाळून आलेलं चांगलं पाणी), ३ रिजेक्ट (उरलेलं खारं पाणी). परमिएट परत लाईनला जातं, रिजेक्ट एमईईत (वाफेवर पाणी आटवायचं यंत्र) आटवतो. बाहेर थेंब सोडायची परवानगी नाही.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी दाब ११ बारवरून १६ वर जातोय आणि परमिएट ७ वरून ५ वर येतंय. चार वेळा सायट्रिक ॲसिडनं सीआयपी (मेंब्रेन जागेवरच रसायनानं धुणं) केलं. दोन दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न. रिजेक्ट ५ झाला, एमईई ३ च्या वर खात नाही, रिजेक्टची टाकी काठोकाठ.

सप्लायरचा माणूस येऊन म्हणाला, मेंब्रेन संपले, सगळे बदला आणि आरओच्या आधी यूएफ (बारीक कण अडवणारा फिल्टर) बसवा. कोटेशन साहेबांच्या टेबलावर आहे. साहेबांनी मला विचारलंय, "तू सांग, करायचं का?" आता मी काय सांगू? माझ्या सांगण्यावर एवढा खर्च पहिल्यांदाच अवलंबून आहे.

---

टर्नकी_राजा

मेंब्रेन बदला. वेळ घालवू नका. लोकल माल असणार.

---

जुना_फिटर

मोसंबीवाले, थांबा. मेंब्रेन मेला की तुंबला हे आधी ठरवू. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

मेलेला मेंब्रेन पाणी जास्त देतो, कमी नाही. क्लोरीननं पॉलिअमाइडचा थर खाल्ला की दाब उतरतो, परमिएट वाढतं आणि त्याचा टीडीएस (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा) चढतो. तुमचा उलटा प्रकार आहे. परमिएटचा टीडीएस किती, ते तुम्ही लिहिलंच नाही. सगळ्यात आधी तोच आकडा लिहायला हवा होता.

दुसरं म्हणजे पाण्याचं तापमान. दिवाळीनंतर बिघडलं म्हणता. दिवाळीनंतर थंडी पडते हे तुमच्या सप्लायरला कुणीतरी सांगा. पाणी एक अंशानं गार झालं की मेंब्रेनमधून जाणारं पाणी साधारण ३ टक्क्यांनी कमी होतं. मी वाळूजला होतो तेव्हा दर डिसेंबरला एक तरी कंपनी थंडीपायी मेंब्रेन बदलायला निघायची.

तिसरं, दोन स्टेजच्या मधे गेज आहे का? नसेल तर बसवा. फीड आणि रिजेक्टचा एकच फरक बघून काही कळत नाही. पहिल्या स्टेजचा डीपी (दोन टोकांच्या दाबातला फरक) वाढला असेल तर गाळ, शेवाळ, चिकटा. दुसऱ्या स्टेजचा वाढला असेल तर क्षार बसतोय.

आणि दिवाळीच्या आसपास काय काय बदललं ते आठवा. काहीच बदललं नाही असं म्हणू नका. काहीतरी बदललेलं असतंच.

---

मोसंबीवाला

काका, मानलं. लॉगबुक घेऊन बसलोय.

परमिएटचा टीडीएस दिवाळीआधी ८०, आता ९५. तापमान लिहायची पद्धतच नव्हती आमच्यात. काल थर्मामीटर टाकला तर २२ आलं. ऑक्टोबरात ३० तरी असेल, कारण फॉस्फेटिंगचं गरम पाणी तेव्हा जास्त येत होतं.

मधल्या गेजची जागा होती, प्लग मारून ठेवली होती. गेज बसवलं. पहिल्या स्टेजचा डीपी १.९ बार, दुसरीचा ०.९. सुरुवातीचे आकडे कुणी लिहिलेलेच नाहीत, पण दोन्ही मिळून दीडच्या आत असायचे एवढं आठवतं.

आता एक कबुली. रिजेक्टची टाकी भरायला लागल्यावर वरून सांगितलं गेलं की जादाचा रिजेक्ट फीड टाकीत सोडा. महिना झाला, ताशी २ घनमीटर परत फिरवतोय. कागदावर एमईईला ३ च जातं, सगळं बरोबर दिसतं. पण फीडचा टीडीएस २२०० असायचा तो आता २९०० दाखवतोय. म्हणजे परमिएटचा टीडीएस वाढला तो यामुळंच ना?

आणि बदललं काय, तर दिवाळीच्या सुट्टीत पॉलिमर संपलं. सेटलरमधून बारीक कण वर येत होते म्हणून नव्या माणसाकडून दुसरं मागवलं. फ्लॉक (कणांचा गोळा) लै भारी बनतो, टरबूजाच्या बियांएवढा. पाणी वरून काचेसारखं.

घरची गोष्ट सांगतो. आमची पैठणकडं मोसंबी होती, २०१२-१३ च्या दुष्काळात निम्मी बाग जळाली. टँकरनं जगवायचा प्रयत्न केला, मग तोही सोडला. धरण डोळ्यांसमोर आणि बाग वाळतेय. टाकी काठोकाठ भरल्याचं मी घरी बोललो तर वडील म्हणाले, "तुमच्या कंपनीतलं ते फेकायचं पाणी मोसंबीला कामून देत न्हाईत?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे नाही म्हणून सांगितलं, पण का नाही ते नीट सांगता आलं नाही. कुणी सांगेल का?

---

लातूरची_केमिस्ट

काचेसारखं पाणी हाच घोळ आहे, दादा. तुमच्या नव्या पॉलिमरच्या पोत्यावर काय लिहिलंय, ॲनायॉनिक की कॅटायॉनिक? माझी पैज कॅटायॉनिकवर.

आरओच्या मेंब्रेनचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. कॅटायॉनिक पॉलिमर धनभारित. सेटलरमधून जे जादा पॉलिमर विरघळून पुढं जातं ते दिसत नाही, वाळूत थांबत नाही, ५ मायक्रॉनच्या कार्ट्रिजमध्ये तर नाहीच नाही. ते थेट मेंब्रेनवर जाऊन बसतं. शिवाय वाटेत त्याला अँटिस्केलंट (मेंब्रेनवर क्षार बसू नये म्हणून घालतात ते रसायन) भेटतं. बहुतेक अँटिस्केलंट ऋणभारित. दोघं मिळून डिंकासारखा चिकटा तयार होतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाटलीत बघा. एका काचेच्या ग्लासात तुमचं पॉलिमर प्लांटवर असतं तेवढंच पातळ करा, त्यात अँटिस्केलंटचे थेंब टाका, ढवळून दहा मिनिटं ठेवा. गढूळ झालं किंवा तार सुटली की कळलंच. दुसऱ्या ग्लासात नुसतं पॉलिमर ठेवा, म्हणजे तुलना होईल.

मग पहिल्या व्हेसलचं पुढचं झाकण उघडून पहिला मेंब्रेन बाहेर काढा आणि बोट फिरवा. शेवटच्या व्हेसलचा शेवटचाही काढा. निथळून दोन्हींचं वजन करा. जो तुंबलेला असेल तो काही किलोंनी जड लागतो, तराजू खोटं बोलत नाही. शेवटच्यावर पांढरं कवच दिसलं तर थोडं खरवडून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट. गुपचूप विरघळलं तर फॉस्फेट असण्याची शक्यता जास्त, फॉस्फेटिंगचं पाणी आहे म्हणून सांगते. हललंच नाही तर सिलिका किंवा सल्फेट.

तुमच्या सीआयपीबद्दल स्पष्ट बोलते, राग मानू नका. चिकट, सेंद्रिय थर असताना आधी ॲसिड मारणं म्हणजे तुपाचं भांडं लिंबानं घासणं. थर आणखी घट्ट बसतो. आधी कॉस्टिक, मग ॲसिड. परमिएटच्या पाण्यात कॉस्टिक आणि थोडं डिटर्जंट (एसडीएस), पीएच ११ ते १२ च्या मधे, पाणी ३० ते ३५ अंश, त्यापेक्षा गरम नको. दोन्ही स्टेज वेगवेगळ्या धुवा, नाहीतर पहिलीची घाण दुसरीत जाते. तासभर फिरवा, भिजत ठेवा, परत फिरवा. पहिलं जे काळंपिवळं पाणी येईल ते टाकीत परत घेऊ नका. कॅटायॉनिक पॉलिमर पूर्ण निघेलच असं मी लिहून देणार नाही. ते फार हट्टी असतं.

आणि एक. चिकटा बघून कुणीतरी हायपो (क्लोरीनचं द्रावण) टाका म्हणेल. टाकू नका. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लोब आणि आपले सौरिराजन यांनी जो पहिला कामाचा मेंब्रेन बनवला तो सेल्युलोज ॲसिटेटचा होता, तो थोडं क्लोरीन सोसायचा. आजचा पॉलिअमाइडचा सोसत नाही. क्लोरीन टाकायचंच झालं तर आरओच्या आधी एसएमबीएसनं मारून टाकायचं, आणि डोसिंग पंप खरंच चालतोय का ते रोज बघायचं. पंपाचा लाल दिवा लागतो आणि नळीत हवा असते, हे मी तीन ठिकाणी पाहिलंय.

वडिलांच्या प्रश्नावर रात्री लिहिते. त्याला हिशेब मांडावा लागेल.

---

पोलादी_जालना

आमच्या रोलिंग मिलला पाणी मिळेना तेव्हा एकानं सुचवलं होतं, समुद्राचं पाणी गोड करून जालन्याला आणा. 😄 मोसंबीवाल्यांना तेवढंच बाकी राहिलंय.

---

लातूरची_केमिस्ट

जालनाकर, हसा, पण हिशेब त्यातच आहे. पाण्यात दर १००० टीडीएसमागे साधारण ०.७ बार ऑस्मॉटिक दाब असतो. समुद्राच्या पाण्याला ३५,००० टीडीएस, म्हणून २५ ते २७ बार नुसता तोच दाब. त्याच्यावर ढकलायचं तर ५५ ते ७० बारचा पंप लागतो आणि घनमीटरमागे ३ ते ४ युनिट वीज. ते झालं किनाऱ्यावर. मग ते पाणी घाट चढवून वर आणायचं. त्यापेक्षा आपलंच वापरलेलं पाणी पुन्हा वापरणं स्वस्त. नागपूरचं सांडपाणी प्रक्रिया करून कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, सुरतेत पांडेसरातल्या कारखान्यांना शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी मिळतं. आपल्याकडं २०१५ मध्ये परळीचं वीजकेंद्र पाण्यावाचून बंद पडलं होतं, लोक विसरले. मी विसरले नाही, कारण पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी लातूरच्या घरात हंडे मोजत होते. पहिली गाडी १० वाघिणींची, पाच लाख लिटर. तुमच्या प्लांटमध्ये तेवढं पाणी अडीच दिवसांत फिरतं, मोसंबीवाले.

आता वडिलांसाठी.

ताशी १० घनमीटर, २२०० टीडीएस. म्हणजे तासाला २२ किलो मीठ आरओत शिरतं. वीस तास चालवलं तर दिवसाला ४४० किलो. परमिएटच्या ७ घनमीटरमधून तासाला जेमतेम अर्धा किलो जातं. उरलेलं सगळं रिजेक्टच्या ३ घनमीटरमध्ये, म्हणजे ७१०० च्या आसपास टीडीएस. कंडक्टिव्हिटी १० डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या घरात. सिंचनाला ३ च्या वरचं पाणीच धोक्याचं धरतात, आणि मोसंबी हे क्षार न सोसणारं झाड. त्यातून आपली काळी जमीन. सोडियम वाढलं की चिकणमाती फुगते, तिची छिद्रं बुजतात, पावसाचं पाणीही आत मुरत नाही. वर फॉस्फेटिंगचं झिंक आणि निकेल. एक उन्हाळा झाडं जगल्यासारखी दिसतील, मग जमीनच जाईल. असं सांगा त्यांना.

आणि याच हिशेबात तुमची कबुलीही बसते. आरओ मीठ खात नाही, फक्त एका बाजूला ढकलतो. तुम्ही ताशी २ घनमीटर रिजेक्ट फीडमध्ये परत सोडता म्हणजे नवं पाणी फक्त ८ घेता. तासाला साडेसतरा किलो मीठ येतंय आणि बाहेर जायला रस्ता एमईईच्या ३ घनमीटरचाच, म्हणून रिजेक्ट ५७०० ला आणि फीड २९०० ला जाऊन ठरलं. तुम्ही लिहिलेला आकडा कागदावर तंतोतंत उतरतो. पॉलिमरही तसंच गोल फिरतंय. पहिल्यांदा ते वळण बंद करा.

---

जुना_फिटर

मॅडमनी माझ्या तोंडचं काढून घेतलं. थंडीची वजाबाकी मी करतो. ३० चं पाणी २२ झालं तर तेवढंच ७ घनमीटर काढायला ११ च्या जागी १३ बारच्या आसपास लागणारच. तो आजार नाही, ते हवामान आहे. १३ ते १६ आणि वर ७ चे ५, हा खरा आजार. सप्लायरनं दोन्ही एकत्र मोजून कोटेशन दिलं.

यूएफबद्दल: यूएफ वाईट नाही. बारीक कण, जिवाणू अडवतो, चांगल्या प्लांटला असावाच. पण विरघळलेलं फॉस्फेट तो अडवत नाही, आणि कॅटायॉनिक पॉलिमर आलं तर आधी यूएफ तुंबेल. म्हणजे एकाच्या जागी दोन रडणार. आधी एसडीआयचं (पाणी मेंब्रेन किती तुंबवेल त्याची चाचणी) किट मागवा. ०.४५ मायक्रॉनचा कागद, ३० पीएसआय दाब, पहिले ५०० मिली भरायला किती सेकंद आणि १५ मिनिटांनी किती. ५ च्या वर असेल तर आरओ चालू करू नका, ३ च्या खाली असेल तर निवांत झोपा.

पॉलिमर मोजता कसं?

---

मोसंबीवाला

काका, मगानं.

टाकीत एक मग सकाळी, एक मग दुपारी. नव्या पॉलिमरलाही तोच मग. जुनं फुसकं होतं म्हणून चालून जायचं.

---

जुना_फिटर

🙏

---

मोसंबीवाला (तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, माफ करा. सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

पोत्यावर बारीक अक्षरांत कॅटायॉनिकच होतं. ग्लासाचा प्रयोग साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्याच पाणी प्यायच्या ग्लासात केला. अँटिस्केलंटचे चार थेंब पडले आणि ताकासारखं पांढरं झालं. बाजूचा ग्लास तसाच स्वच्छ. साहेब काही बोलले नाहीत, कोटेशन उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

पहिला मेंब्रेन ओढताना व्हेसलमधून निघेना, दोघं लागलो. तोंडावर करड्या रंगाचा चिकटा, शेवग्याच्या डिंकासारखा, बोटाला धागे सुटत होते. वजन २१ किलो. त्याच्याच मागचा चौथा १६. दुसऱ्या स्टेजच्या शेवटच्यावर पांढरी भुकटी होती, ॲसिडमध्ये न फसफसता विरघळली. मॅडम, तुमचं फॉस्फेट. चुन्याचा पीएच कमी पडत होता. मीटरचा प्रोब कितीतरी महिने कॅलिब्रेट केलेला नव्हता. तो माझाच दोष, दुसऱ्या कुणाचा नाही.

कॉस्टिकचं सीआयपी दोनदा केलं, मग दुसऱ्या स्टेजला ॲसिड. पहिल्या वेळी जे पाणी आलं त्याचा रंग सांगत नाही, जेवायच्या वेळी वाचत असाल. पहिल्या स्टेजचे पुढचे दोन मेंब्रेन तरीही जड राहिले, ते तेवढे बदलले. बाराऐवजी दोन. ॲनायॉनिक पॉलिमर परत आणलं, जार टेस्ट केली. अर्ध्या पीपीएममध्ये काम भागतं. तो मोजायचा मग फेकून दिला, डोसिंग पंप बसवला. रिजेक्टचं वळण बंद करून त्या पाइपला डमी मारली. वरून पुन्हा सांगू नये म्हणून व्हॉल्व्हचं हँडल माझ्या कपाटात आहे.

आज सकाळी: पाणी २४ अंश, दाब १२.५, परमिएट ६.८, फीड टीडीएस २२५०, एसडीआय ३.६. निवांत झोप नाही, पण डुलकी लागते.

वडिलांना मॅडमचा हिशेब सांगितला. ४४० किलो ऐकून ते म्हणाले, "म्हंजी दिसाला नऊ पोती मीठ." पन्नास किलोचं पोतं धरून त्यांनी लगेच भागाकार केला होता. मग विचारलं, "एमईईतून निघालं की त्या पोत्यांचं काय करता?" मी सांगितलं, गाडी येते, घातक कचऱ्याच्या जागी जातं, तिथं पुरतात. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता शेवटचा प्रश्न. कॅटायॉनिकची चार पोती शिल्लक आहेत, स्टोअरवाला रोज विचारतो. एसटीपीच्या गाळाला फिल्टर प्रेसवर चालेल का?

---

लातूरची_केमिस्ट

जैविक गाळाला तेच चांगलं चालतं. पण प्रेसमधून गळणारं पाणी कुठं जातं ते आधी बघा. ते ईटीपीच्या टाकीत परत येत असेल तर पोती स्टोअरवाल्याकडंच राहू द्या.

---

मोसंबीवाला

परतच येतं.